कोरा कोपरा

"काही सापडलं नाही," अच्युत म्हणाला आणि पोह्यांतल्या मिरच्या वेचून बशीच्या कडेला ठेवू लागला.

"नीट बघितलंस ना?"

"बघितलं की. पहिल्या ओळीपासून."

"एकदाही अडखळला नाहीस? माझ्या गणितात? अरे, मी परकराचं माप सांगितलं तरी आमची आई पुन्हा टेप लावते."

"स्वच्छ आहे, कालिंदी. खुशाल उभी राहा बुधवारी."

हे बोलताना त्यानं मान वर केली नाही. मला वाटलं, मिरच्यांमुळं. मिरची त्याला सोसायची नाही, आणि आमच्या कँटीनवाल्याला पोह्यांत मिरची घातल्याशिवाय पोहे वाटायचे नाहीत. मी हावरटासारखी त्याच्या बशीतली एक मिरची उचलून खाल्ली आणि खूश होऊन दोन चहा सांगितले. माझा वैरी मला पास करून मोकळा झाला होता.

वैरी म्हणजे काय ते सांगते. आमची संस्था पुण्याबाहेर एका टेकडीवर होती आणि तिथं आम्ही दहाबारा जण विश्वाची सुरुवात कशी झाली याचा विचार करून पोट भरत होतो. बाहेर कुणाला सांगितलं की लोक विचारायचे, "ते ठीक आहे, पण काम काय करता?" अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, समजावून मी थकले होते. त्यांनी बार्शीत सगळ्यांना पोरगी हवामान खात्यात आहे असं सांगून विषय मिटवला होता.

या संस्थेत धारप सरांनी एक रीत घालून दिली होती. सेमिनार देणाऱ्या प्रत्येकाला आधी एक वैरी नेमून द्यायचा. वैऱ्यानं तुमचं अख्खं गणित स्वतःच्या हातानं करून बघायचं. भोक सापडलं तर तुम्हाला एकट्याला गाठून सांगायचं. हॉलमध्ये मात्र त्यानं तोंड उघडायचं नाही. तो गप्प बसला की सगळे समजायचे, गणित तावून सुलाखून आलंय. "मित्र टाळ्या वाजवतो," सर म्हणायचे, "खरं सांगायला वैरीच लागतो."

महिनाभर आधी मी अच्युतची वैरी होते. त्याच्या गणितात मला चांगलं हातभर भोक सापडलं होतं. त्याच दुपारी त्याला जिन्यात अडवून मी ते सांगितलं. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. मग दोघांनी बसून ते बुजवलं आणि त्याचा सेमिनार झकास पार पडला. त्या वर्षी संस्थेत कायमची जागा एकच निघाली होती आणि अर्ज आम्हा दोघांचे होते, हे मला काय माहीत नव्हतं? पण ते डोक्यातसुद्धा आलं नाही. वैरी म्हणजे वैरी.

बुधवारी निवड समिती माझ्या सेमिनारला बसणार होती. जागा मिळाली तर जन्मभर फळा, खडू आणि हेच वेड. नाही मिळाली तर मार्चमध्ये शिष्यवृत्ती संपत होती. मग बार्शीला परत, कॉलेजात पोरांना स्क्रूगेज धरायला शिकवायचं, आणि अण्णांनी बघून ठेवलेल्या परंड्याच्या इंजिनिअरला हो म्हणायचं. इंजिनिअर वाईट नव्हता. पण मला तो नको होता, मला विश्व हवं होतं.

आणि विश्व माझ्या हाताला लागलंही होतं. सोपं करून सांगते. विश्व आज पसरतंय. म्हणजे काल ते लहान होतं, परवा त्याहून लहान. असं मागं मागं गेलं की शेवटी सगळं एका ठिपक्यात गोळा होतं. तिथं घनता अनंत होते आणि आपली समीकरणं हात टेकतात. त्याच्या आधी काय होतं, हे विचारायचीही सोय राहत नाही. पण काही जणांना वाटतं की ठिपक्याच्या इतकं जवळ गेल्यावर गुरुत्वाकर्षणाचे नियम होते तसे राहत नसावेत, तिथं क्वांटमची लुडबुड सुरू होत असावी. त्या लुडबुडीसाठी समीकरणात एक छोटं पद जोडायचं. त्या पदामागं मायनस आला, तर ओढणारं गुरुत्वाकर्षण तिथं ढकलायला लागतं. मग ठिपका होतच नाही. आधीचं एक विश्व आकसत येतं, एका मापाला थांबतं आणि उसळून पुन्हा पसरतं, ते आपलं. सुरुवात अशी नाहीच. पण मायनसच्या जागी प्लस आला, की सगळं धाडकन ठिपक्यात. एवढ्याशा चिन्हावर विश्वाला सुरुवात आहे की नाही ते ठरायचं.

धारप सर तरुणपणापासून त्या उसळीच्या मागं लागले होते. परदेशात शिकत असताना एका सभेत त्यांनी ती मांडली आणि लोक हसले, असं आम्ही ऐकून होतो. त्यांनी पुढं खूप काम केलं, नाव कमावलं, पण उसळी काही त्यांना सापडली नाही. आता ते मार्चअखेर निवृत्त होणार होते.

दिवाळीच्या सुट्टीत संस्था रिकामी असताना त्यांनी मला खोलीत बोलावलं. फळा पुसला आणि त्यावर एकच ओळ लिहिली. बाकी फळा कोरा.

"हे पद माझं जुनं आहे. तुझ्या समीकरणात बसवून बघ."

मी बसवलं, आणि माझं विश्व उसळलं. सरांना सांगायला गेले तर ते खुर्चीत बसलेच. मग उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला. आमच्या घरी डोक्यावर हात ठेवायची पद्धत नव्हती. मी त्या हातानं भारावून गेले हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

सेमिनारच्या आदल्या दिवशी मी पुन्हा त्यांच्या दारात उभी राहिले.

"सर, चिन्हं तेवढी एकदा बघता?"

"अच्युतनं बघितली ना?"

"बघितली. पण तुम्हीच म्हणता, बापावर विश्वास ठेवा, चिन्हावर ठेवू नका."

सर हसले. "मी बघितलीत. जा, झोप नीट. आणि एक कर, उसळीची रेघ शेवटी काढ, सावकाश काढ. आणि सरळ शब्दांत सांग की विश्वाला सुरुवात नव्हती. मुळमुळीत बोलू नकोस."

बुधवारी हॉल भरला होता. पहिल्या रांगेत समितीचे तिघं: दिल्लीचे दोघं आणि बंगलोरचे एक म्हातारे प्राध्यापक. ते खुर्चीत बसले की दहा मिनिटांत डोळे मिटायचे, अशी त्यांची ख्याती होती. सर खिडकीपाशी. अच्युत दुसऱ्या रांगेत, हाताची घडी घालून, वैऱ्यानं बसावं तसा.

मी खडू घेतला आणि आधी फळ्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात लिहिलं: काळ मायनस. हा सरांचा दुसरा नियम. आमच्या धंद्यात काळ आणि अवकाश एकाच सूत्रात मांडतात. काही जण काळाला मायनस देतात आणि अवकाशाला प्लस, काही जण बरोबर उलटं करतात. दोन्ही पद्धती ठीक. एक शिंपी इंचात माप घेतो, दुसरा सेंटिमीटरात, आणि दोघांचाही सदरा अंगाला बसतो. पण छाती एकाकडून घेतली आणि बाही दुसऱ्याकडून, तर जे काही शिवून होईल ते घालून रस्त्यानं जाता येणार नाही. म्हणून सरांचा दंडक होता: कोपऱ्यात आपली पद्धत लिहिल्याशिवाय खडू पुढं चालवायचा नाही. कोपरा कोरा दिसला की ते सेमिनार तिथंच थांबवायचे. आठच दिवसांपूर्वी एका नव्या संशोधकाला त्यांनी सगळ्यांदेखत खाली बसवलं होतं.

मी बोलत गेले. समीकरणं झाली, सरांचं पद जोडून झालं. शेवटी आडवा काळ आणि उभा विश्वाचा आकार अशा दोन रेघा मारल्या आणि आजपासून मागं निघाले. खडू डावीकडं सरकत होता, रेघ उतरत होती. अगदी तळाशी आली. सगळे आता ती टेकणार म्हणून बघत होते, आणि मी ती वळवली. सावकाश, सरांनी सांगितल्यासारखी, वर चढवत नेली.

"म्हणजे," मी म्हणाले, "विश्वाला सुरुवात नव्हती."

बंगलोरचे म्हातारे टक्क जागे होते. ते पुढं वाकले आणि त्यांनी खिशातून पेन काढलं. मला वाटलं, मारली बाजी. सरांकडं बघितलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

तेवढ्यात अच्युतनं हात वर केला.

आधी मला वाटलं, तो कुणाला तरी पाणी आणायला सांगतोय. वैऱ्याचा हात वर गेलेला त्या हॉलनं कधी बघितला नव्हता.

"कालिंदी, तुझा काळ मायनस आहे?"

"कोपऱ्यात लिहिलंय की."

"आणि हे शेवटचं पद?"

"ते सरांचं."

"हो. पण सरांच्या जुन्या कामात काळ प्लस असायचा. ते पद तुझ्या पद्धतीत आणताना चिन्ह उलटायला हवं." त्यानं घसा खाकरला. "तू उलटलेलं नाहीस."

मला ते कळायला एक श्वास पुरला. बाही एका शिंप्याची, छाती दुसऱ्याची. वर्गात शिकवताना सर नेहमी काळाला मायनस द्यायचे, आमच्या पुस्तकांत तसं होतं म्हणून. त्यांचं जुनं पदही तसंच असणार, हे मी धरून चालले होते.

दिल्लीच्या एकानं विचारलं, "मग चिन्ह उलटलं तर काय होतं?"

त्याचं उत्तर तिथं सगळ्यांना माहीत होतं, पण द्यायचं मला होतं. मी मायनसवर एक उभी रेघ मारली, त्याचा प्लस झाला. मग डस्टर घेतलं आणि वर चढलेली सगळी रेघ माझ्याच हातानं पुसली. उरलेली रेघ खाली नेली आणि ठिपक्यात टेकवली.

"कोसळतं," मी म्हणाले. "सुरुवात आहे. त्याच्या आधीचं माहीत नाही."

आभार मानून मी खाली उतरले. सर खिडकीबाहेर बघत होते. बंगलोरच्या म्हाताऱ्यांनी पेन खिशात ठेवलं आणि अच्युतकडं बघून मान हलवली, शाबासकी देतात तशी.

अच्युत मला मागच्या पायऱ्यांवर सापडला. सापडला म्हणजे मी त्याला धरला.

"कधी सापडलं तुला?"

"कालिंदी, ऐक."

"कधी?"

"तपासायला घेतलं त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात."

"आणि परवा पोहे खाताना स्वच्छ आहे म्हणालास. माझ्या पैशाचा चहा प्यायलास."

"मी तुला सांगायलाच निघालो होतो. शप्पथ. पण आधी सरांना विचारावं म्हटलं, पद त्यांचं होतं, माझंच चुकत असेल तर? सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, मला माहीत आहे. तिला सांगू नकोस. तिचा सेमिनार होऊ दे. तुझं पुढचं मी बघतो."

पायऱ्यांखाली कँटीनवाल्याची बायको पातेली घासत होती. तिला ऐकू जाऊ नये म्हणून मी आवाज खाली आणला, की माझाच आवाज बसला होता, आता आठवत नाही.

"सर असं म्हणाले?"

"असंच म्हणाले."

"मग सरांचं ऐकून गप्प बसायचं होतंस. हॉलमध्ये कशाला वाचा फुटली?"

"त्या म्हाताऱ्यानं पेन काढलं होतं, तू बघितलंस ना? त्याला दिसलं होतं. त्यानं विचारलं असतं, तर दुसरा प्रश्न आला असता, हिचा वैरी कोण? मी झोपा काढत होतो का? तुझं तर गेलंच होतं, कालिंदी. माझंही कशाला जायला हवं होतं?"

हे त्यानं इतकं समजावून सांगितलं, की माझं अंग जळलं. मी म्हणाले, "केसानं गळा कापलास माझा. आणि वर हिशेबही पटवून देतोयस." तो काहीतरी बोलत राहिला, पण मी वर निघाले होते. तो खोटं बोलतोय असंच मला वाटत होतं. तेवढा एक धागा होता. मी तो धरून सरांच्या खोलीकडं चालत होते.

सरांनी दार उघडंच ठेवलं होतं. मी दिसताच ते उठले, थर्मासमधला चहा झाकणात ओतला आणि माझ्यापुढं ठेवला.

"बस. मला कळतंय तुझं काय होत असेल ते. विश्वासघात केला त्यानं तुझा. वैऱ्यानं हॉलमध्ये तोंड उघडावं? माझ्या इतक्या वर्षांच्या रीतीला काळं फासलं. असा आतल्या गाठीचा असेल असं वाटलं नव्हतं."

मी त्यांना बोलू दिलं. ते अच्युतबद्दल आणखी बरंच बोलले. रागानं त्यांचा आवाज चढला होता आणि तो राग खोटा नव्हता, हीच तर गंमत.

"सर," मी म्हणाले, "अच्युतनं तुम्हाला सांगितलं होतं."

त्यांनी थर्मासचं बूच लावलं. सावकाश, आटे जुळवून.

"सांगितलं होतं," ते म्हणाले.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"समितीत तिघं. दिल्लीच्या दोघांचा हा विषय नाही. तिसरा झोपतो. जागा तुला मिळाली असती, कालिंदी. मग आपण निवांत दुरुस्ती छापली असती."

"आपण? तुम्ही मार्चला जाणार. दुरुस्ती माझ्या एकटीच्या नावानं छापावी लागली असती."

त्यांनी खुर्चीत बसून डोळे पुसले.

"तुला नाही कळायचं," ते म्हणाले. "सगळी हयात मी त्या रेघेसाठी घालवली. दर खेपेला कोसळायची. आज त्या हॉलमध्ये थोडा वेळ विश्वाला सुरुवात नव्हती. ती रेघ वर चढताना मी डोळ्यांनी बघितली. लोकांनी बघितली, कुणी हसलं नाही. तेवढं एकदा बघायचं होतं मला."

खरं सांगते, मला त्यांची दया आली. एवढ्यावर मी उठून गेले असते आणि कदाचित जन्मभर त्यांना माफही केलं असतं. चहाला हात न लावता मी उठलेही. पण समोर त्यांचा फळा होता. पुसलेला, नुसता. आणि दिवाळीची ती दुपार माझ्या डोळ्यांपुढं आली. एकच ओळ. बाकी फळा कोरा.

"सर, दिवाळीत तुम्ही मला ते पद लिहून दिलंत. तेव्हा कोपऱ्यात तुमची पद्धत लिहिली नव्हती."

"विसरलो असेन."

"तुम्ही?"

बाहेर टेकडीवर कुणीतरी गुरं हाकत होतं. सरांनी उठून खिडकी लावून घेतली.

"लिहिणार होतो," ते म्हणाले. "खडू हातात होता. म्हटलं, बघू, ही विचारते का. तू कशावरही प्रश्न विचारणारी पोरगी. वाटलं, आता विचारशील, मग विचारशील. दारापर्यंत गेलीस तरी मी वाट बघत होतो." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "नाही विचारलंस. तेव्हा मला फार बरं वाटलं गं."

म्हणजे अच्युत सांगायला गेला त्याच्या कितीतरी आधीपासून, माझ्या डोक्यावर हात ठेवला त्याच्याही आधीपासून. मी विचारलं नव्हतं, कारण लिहिणारे ते होते. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर पहिला प्रश्न मी तोच विचारला असता, आणि हे त्यांना माहीत होतं.

मी फळ्याच्या कठड्यावरचा खडू उचलला. वरच्या डाव्या कोपऱ्यात, ते लिहायचे त्यापेक्षा मोठ्या अक्षरात लिहिलं: काळ प्लस.

"पुस ते," सर म्हणाले. आणि मग हळू आवाजात, "कुणी येईल, कालिंदी. पुसून जा."

"मी माझं पुसलं, सर. सगळ्यांसमोर पुसलं. तुमचं तुम्ही पुसा."

खडू मी त्यांच्या टेबलावर चहाशेजारी ठेवला, पिशवी उचलली आणि टेकडी उतरून बार्शीची एसटी धरली.